झुलत्या जाळीचा नक्शा

बाबा, परवा तुमची वही मी स्वतः, मी शिकवायचे त्या कॉलेजात नेऊन दिली, आणि तिथं उभ्या उभ्या एक खोटं बोलून आले. तुम्हाला जाऊन पंचवीस वर्षं होऊन गेली. एवढ्या वर्षांत तुम्हाला चार ओळी लिहाव्यात असं कधी सुचलं नाही, आणि आता सुचतंय ते मन खातंय म्हणून. वही म्हणजे तीच, जाड पुठ्ठ्याची, जिच्या पहिल्या पानावर आईनं वाणसामानाची यादी लिहिली होती आणि दुसऱ्या पानापासून तुम्ही पऱ्हाटीच्या गॅसची भट्टी काढायला घेतली होती. कॉलेजात आता त्याच गोष्टीवर मोठं काम चाललं आहे. कापूस वेचून झाल्यावर शेतात उरलेल्या वाळक्या पऱ्हाट्या नुसत्या पेटवून द्यायच्या नाहीत, त्यांचा गॅस करायचा आणि त्यावर इंजिन चालवायचं. पोरं कॉम्प्युटरवर भट्टी उलटीसुलटी फिरवून दाखवतात. तिथं माझीच एक जुनी विद्यार्थिनी आता शिकवते. प्रयोगशाळेच्या भिंतीवर आपल्या भागातली सुरुवातीची रेखाटनं लावायची आहेत, मॅडम, तुमच्याकडे काही आहे का, असं तिनं फोनवर विचारलं. मी मोठ्या तोऱ्यात म्हणाले, आहे.

ती रेखाटनं सुरू झाली ती आपल्या अकोल्याच्या स्वयंपाकघरात. तुम्ही जिनिंगच्या कारखान्यात फिटर. दिवाळीपासून होळीपर्यंत कापसाच्या गाड्यांची रांग लागायची, तेवढे महिने तुम्ही घरी फक्त जेवायला आणि झोपायला यायचात, आणि तुमच्या भुवयांवरसुद्धा रुई असायची. सिझन संपला की मशिनी खोलायच्या, साफ करायच्या, पुन्हा बसवायच्या, आणि उरलेला वेळ तुमचा. मी नववीत होते. आई पऱ्हाट्या मोडून मोडून चुलीत सारते आहे, पदरानं डोळे पुसते आहे, आणि तुम्ही तिच्या शेजारी उकिडवे बसून एक अर्धवट जळलेली काडी बाहेर ओढता. ती विझलेली असते, टोकाशी नुसता पांढरा धूर. तुम्ही त्या धुराला काडेपेटीची काडी लावता आणि धूर भपकन पेटतो.

"पाह्यलं? ह्यो धूर नाई, हे सरपनच हाय. आपुन फुकट सोडून राहिलो."

"मंग धरून ठेवा ना," आई म्हणते. "माहे डोये गेले त्याच्यापायी."

मग तुम्ही मला आज्याच्या चिलमीची आठवण दिलीत. "चिलमीत आग वर राह्यते, अन् वढ खालून. धूर आगीतून खाली येते म्हून साफ होते. भट्टी तशीच करायची. वरून पऱ्हाटी टाकायची, खालून इंजिनानं गॅस वढायचा." आई भाकरी उलटवत म्हणाली, "म्हंजे आता इंजिनाले चिलीम पाजता तुमी." तुम्ही इतके हसलात की ठसका लागला. मी पुढं इतकी वर्षं हा विषय वर्गात शिकवला, जाडजूड पुस्तकं वाचली, पण चिलमीइतकं सोपं करून सांगणं मला एकदाही जमलं नाही.

वहीतली ती पानं मी परवा पुन्हा पाहिली. सुताराच्या पेन्सिलीनं काढलेल्या जाड रेघा, खोडायचं असेल तिथं थुंकी लावून पुसलेलं, त्यामुळं कागदाला पडलेली भोकं. मापं इंचात आणि सुतात. आता सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग हेसुद्धा पोरांना सांगावं लागतं. सूत पुरलं नाही की तुमचं बोट. "नळी दोन बोटं", "झाकन चार बोटं वर". पण तुमचा खरा कागद म्हणजे वर्कशॉपची फरशी. तिच्यावर तुम्ही खडूनं अख्खी भट्टी खऱ्या मापात काढायचात, आणि पत्रा त्या रेघांवर ठेवून कापायचात. एकदा डबा द्यायला आले आणि चपला घालून सरळ त्या रेघांवरून चालत गेले. तुम्ही माझ्यावर आवाज चढवलात तो तेवढाच. "नक्शावर पाय ठेवते? उतर खाली!" मी रडकुंडीला आले. मग तुम्हीच मला खाली बसवलंत आणि एकेक रेघ दाखवलीत, इथं आग, इथं गळा, इथं जाळी, इथून राख. जाळीपाशी तुमचं बोट जरा जास्त वेळ थांबलं. ही साखळ्यांवर लटकती ठेवायची, म्हणालात, बाहेरून दांडा हलवला की झुलली पाहिजे, म्हणजे राख झडून जाईल.

पहिली भट्टी तुम्ही ऑइलच्या रिकाम्या पिंपाची केलीत. ओबडधोबड, दोन ठिकाणी गळणारी, शेणमातीनं लिंपलेली. आत सळयांची जाळी, सायकलच्या जुन्या चेनच्या तीन तुकड्यांवर टांगलेली. रॉकेलवर चालणाऱ्या एका भंगारातल्या पाण्याच्या इंजिनाला तुम्ही तिची नळी जोडलीत. काकांच्या शेतातल्या पऱ्हाट्या आपण दोघांनी विळ्यानं तोडून तोडून वीतभर केल्या होत्या. त्या दुपारी इंजिन पहिल्यांदा गॅसवर लागलं आणि हौदात पाणी पडायला लागलं. मधूनमधून तुम्ही दांडा हलवायचात आणि खाली राख पडल्याचा आवाज यायचा. इंजिन अर्धा तास चाललं, टोपलीतल्या पऱ्हाट्या संपल्या म्हणून थांबलं. उन्हाळ्यातलं अकोलं, पत्र्याचं शेड, बाहेर कुत्रंसुद्धा फिरत नव्हतं, आणि जिनातली सगळी माणसं त्या भट्टीपाशी उभी राहून पाण्याकडे बघत होती. तुमच्या तोंडावर तेव्हा जे होतं ते मी पुन्हा कधी पाहिलं नाही.

मग मी अमरावतीला डिप्लोमाला आले. तुम्ही स्टेशनवर मला तुमची सहा इंची स्टीलची पट्टी दिलीत, कडा झिजलेली, आणि गाडी सुटेपर्यंत खिडकीचा गज धरून उभे राहिलात. बडनेऱ्याला उतरायचं, तिथून ऑटो, खांद्यावर ड्रॉइंगच्या कागदांची नळी. वर्गात आम्ही दोघीच मुली, आणि ड्रॉइंगमध्ये पहिली मी. बाबा, त्या नंबरानं माझं डोकं फिरलं. एका वर्षात माझी भाषा बदलली. घरी आले की मी 'मले, तुले' बोलणं टाळायला लागले, आई काही म्हणाली की तिचे शब्द दुरुस्त करायला लागले. आईनं एकदा ऐकवलंच, "लय शुद्ध झाली वं तू, आमाले वाटलं पोरगीच बदलून देल्ली कॉलेजानं." मी रागावले. आता ते आठवलं की हसू येतं आणि लाजही वाटते.

दुसऱ्या वर्षाच्या उन्हाळ्यात जिनाचे मालक, शेठजी, यांच्या ओळखीचे एक साहेब भट्टी बघायला यायचे ठरले. सरकारी कार्यालयातले, अमरावतीचे. त्यांना पसंत पडली तर चार गावांत, चार विहिरींवर तुमची भट्टी बसणार होती. पिंपाची भट्टी दाखवण्याजोगी नव्हती, म्हणून नवी करायची, चांगल्या जाड पत्र्याची, आणि आधी तिचं रीतसर ड्रॉइंग हवं, असा निरोप आला. तुम्ही वही माझ्यापुढं ठेवलीत. "तुह्या हातानं काढ," म्हणालात. दोन ट्रंकांवर दार आडवं टाकून मी तीन दिवस ते ड्रॉइंग करत होते. तुमची गळणारी, लिंपलेली भट्टी माझ्या कागदावर कशी देखणी झाली म्हणून सांगू. आणि देखणी करता करता मी जाळी बदलली. वहीत तुम्ही लिहिलं होतं, "जाळी झुलती, भोवती बोटभर मोकळी." मी साखळ्या काढून टाकल्या. भट्टीच्या आत एक कडं दाखवलं, त्यात जाळी नेमकी बसवली, दांड्यानं फिरवता येईल अशी, आणि भोवती जागा ठेवली एक मिलिमीटर.

तुम्ही ड्रॉइंग बराच वेळ पाहिलंत. हात आधी धोतराला पुसलेत, मगच कागदाला लावलेत.

"जाळी टेकवली काहून वं? मी झुलती सांगतली होती."

"बाबा, साखळीला टांगलेली जाळी ड्रॉइंगमध्ये हास्यास्पद दिसते. आणि बोटभर म्हणजे किती? कुणाचं बोट?"

"राख पडाले जागा पायजे ना."

"जाळीला भोकं आहेत की. उगाच ढिलं ठेवणं म्हणजे चूक असते. आमचे सर शून्य देतील."

तुम्ही कागद डोळ्यांजवळ नेलात. मग अगदी हळू विचारलंत, "पुस्तकात असंच हाय?"

मी म्हणाले, "हो."

पुस्तकात तसं काही नव्हतं. पुस्तकात शाफ्ट आणि बेअरिंग होतं, भट्टीचा शब्दही नव्हता. पण तुम्ही शाळेत चौथीपर्यंत गेलेला माणूस, पुस्तकाचं नाव काढल्यावर तुमचं तोंड बंद व्हायचं हे मला चांगलं ठाऊक होतं. "मंग बराबर हाय," तुम्ही म्हणालात. "कागद म्हनते तसं करू." आणि तुम्ही तसंच केलंत. पिंपाची भट्टी झुलत्या जाळीवर अर्धा तास चाललेली तुम्ही स्वतः पाहिली होती, तुमच्या हातांना माहीत होतं, तरी तुम्ही मिलिमीटरला मिलिमीटर माझ्या कागदाप्रमाणे जाळी घडवलीत. दुसरा कुणी फिटर असता तर म्हणाला असता, पोरी, तू शीक, मी करतो. तुम्हाला तुमच्या मुलीचं शिक्षण खोटं पाडायचं नव्हतं.

साहेब सकाळी आले, ऊन चढायच्या आत. शेठजी, त्यांचे मुनीम, जिनातली माणसं, आणि मी, इस्त्रीचा सलवार-कुर्ता घालून, हातात ड्रॉइंगची नळी. नवी भट्टी पहिल्यांदाच पेटते. तुम्ही हातपंख्यानं वारा देता, नळीच्या तोंडाशी गॅस पेटवून दाखवता, इंजिन लागतं. साहेब मान हलवतात. मग थोड्या वेळानं इंजिन खोकायला लागतं. तुम्ही दांडा ओढता, दांडा हलत नाही. तुम्ही दोन्ही हातांनी ओढता, मग हातोड्यानं ठोकता. आत राख तुंबते आहे, ओढ बंद होते आहे, इंजिन दोनदा आचके देऊन थांबतं. साहेब घड्याळ बघतात. तुम्ही माझ्याकडे एकदा पाहता, आणि वरून सळईनं कोचावं म्हणून झाकण उघडता. भडका उडतो. मी किंचाळले एवढं मला आठवतं. तुमचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला. कुणीतरी पाण्याची बादली आणली आणि तुम्ही हात तिच्यात बुडवून खाली बसलात.

साहेब चांगला माणूस होता, ओरडला नाही. त्यानं माझ्याकडून ड्रॉइंग मागून घेतलं, उलगडलं, निरखून पाहिलं. म्हणाला, "ड्रॉइंग तर सुंदर आहे. बनवणाऱ्यानं कुठंतरी गडबड केली." शेठजींनी तुमच्याकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं. आणि तुम्ही, बादलीत हात ठेवून, म्हणालात, "हो साहेब. माह्या हातानंच चूक झाली." मी काही बोलले नाही. एक वाक्य पुरेसं होतं, ते माझ्या तोंडून निघालं नाही. घाबरले असेन, वय लहान होतं, बापाचा हात भाजलेला, असं मी स्वतःला पुढं कितीतरी वर्षं समजावत आले.

दुसऱ्या दिवशी हाताला फडकं बांधून तुम्ही भट्टी खोलायला गेलात, मीही आले. थंड झालेली जाळी कड्यात अलगद फिरत होती, डाव्या हाताच्या एका बोटानं तुम्ही ती फिरवलीत. लोखंड तापलं की फुगतं, एका मिलिमीटरात ते मावत नाही, म्हणून ती अडकली होती. हे मला त्या क्षणी कळलं. तुम्हालाही कळलं, कदाचित आधीच कळलेलं होतं. तुम्ही एवढंच म्हणालात, "जाऊ दे. पुढच्या सिझनले पाहू." पुढच्या सिझनला तुमच्या उजव्या हाताची बोटं पुरती मिटत नव्हती. कानस धरवेना, तेव्हा शेठजींनी तुम्हाला फाटकावर बसवलं, येणाऱ्याजाणाऱ्या गाड्यांना दार उघडायला. भट्टी शेडच्या मागं पडून राहिली, तिच्यात चिमण्यांनी घरटी केली. साहेब पुन्हा आले नाहीत. चार गावांतल्या चार विहिरींवर काहीच बसलं नाही. आणि मी? मी दोन वर्षांनी कॉलेजात नोकरीच्या मुलाखतीला गेले तेव्हा तेच ड्रॉइंग घेऊन गेले. त्यांनाही ते सुंदर वाटलं.

तुम्हाला सांगायला मला वेळ कमी मिळाला असं नाही. दर दिवाळीला, दर उन्हाळ्यात मी अकोल्याला यायचे. तुम्ही फाटकावरून आलात की डाव्या हातानं चहाचा कप धरायचात, आणि मी पोरांच्या परीक्षेचं बोलायचे. तुम्ही कौतुकानं ऐकायचात. शेजाऱ्यांना सांगायचात, "आमची पोरगी नक्शे शिकवते अमरावतीले." एकदा, आई गेल्यानंतरच्या उन्हाळ्यात, आपण दोघंच ओसरीवर होतो आणि तुम्ही आपणहून भट्टीचा विषय काढलात. मी उठून आत गेले, दूध उतू जातंय असं म्हणून. दूध तापवायला ठेवलंच नव्हतं. वर्गात मात्र माझा दरारा. पेन्सिलीला टोक नसलं की पोरगं बाहेर. पहिल्या तासाला दरवर्षी एकच वाक्य, "समोर आहे ते काढा, स्वतःची अक्कल नंतर लावा." पोरं मागून नकला करायची. ते वाक्य आलं कुठून, हे विचारायची कुणाची छाती झाली नाही.

परवा त्या माझ्या विद्यार्थिनीनं तुमची वही आणि वहीबरोबर मी नेलेलं ते मोठं ड्रॉइंग टेबलावर शेजारी शेजारी मांडलं. ड्रॉइंगच्या कोपऱ्यातलं माझं नाव कसरीनं कधीच खाल्लं आहे, कसरीचे उपकार. ती हुशार आहे, तिला दोन मिनिटं लागली. "मॅडम, वहीत जाळी लटकती आहे, भोवती मोकळी जागा. आमचीही जाळी सारखी अडकत होती, शेवटी आम्ही तिला असंच टांगलं. मग या मोठ्या ड्रॉइंगमध्ये असं का? कोणी काढलंय हे?" माझ्यासमोर चाळीस वर्षांनी तोच प्रश्न होता. खोलीत साहेब नव्हता, शेठजी नव्हते, माझी नोकरी संपलेली, कुणी माझं काही वाकडं करणार नव्हतं. आणि मी म्हणाले, "असेल त्या काळचा कुणी ड्राफ्ट्समन. मला काय माहीत." ती म्हणाली, "बिचारा. वहीवाल्याला कळलं होतं, याला नाही कळलं." मी तिच्याकडचा चहा पिऊन घरी आले.

आज सकाळी तिला फोन केला. सांगितलं की ते ड्रॉइंग माझं आहे, वही माझ्या वडिलांची आहे, जाळी मी बदलली, त्यांच्यावर पुस्तकाचा धाक घालून बदलली, आणि हात त्यांचा भाजला. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मॅडम, रेखाटनांखालच्या पट्टीवर काय लिहू?" मी म्हणाले, लिही, रेखाटनं जिनिंगमधल्या एका फिटरची, मोठं ड्रॉइंग त्यांच्या मुलीचं, भट्टी बंद पडली ती मुलीच्या चुकीनं. "एवढं सगळं लिहायची काय गरज आहे, मॅडम," ती म्हणाली. मी माझा वर्गातला आवाज काढला आणि म्हणाले, लिही म्हटलं ना. ती लिहील. सांगितलेलं करते ती.

तेव्हा हे आता भिंतीवर राहील, येणारेजाणारे वाचतील. उशीर झाला, फार उशीर झाला, तुम्ही फाटकावर बसायचात तेव्हा हे चार माणसांत बोलायला हवं होतं. हा कागद मी कुणाला दाखवणार नाही, कुठं पाठवायला तुमचा पत्ताही नाही, लिहून झाला की फाडून टाकीन. फक्त एक गोष्ट त्या मुलीला सांगितली नाही, ती इथं लिहिते. त्या दिवशी मी घाबरले म्हणून गप्प राहिले नव्हते, बाबा. साहेब ड्रॉइंग सुंदर आहे म्हणाले तेव्हा तुमचा हात बादलीत होता, मी तुमच्या शेजारी उभी होते, आणि मला आनंद झाला होता. ते आणखी एकदा तसं म्हणतील का, याची मी वाट बघत होते.